विहिरीत शिकलेलं आधी विसरा : खान्देशातून पहिल्या स्कुबा डाइव्हला निघताना

आपल्याकडचा पट्टीचा पोहणारा समुद्रात जास्त चुकतो. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूरहून निघालेल्या मंडळींसोबत मी बरेचदा मालवणला आणि दोनदा अंदमानला गेलोय, आणि दर वेळी हेच दिसतं. ज्याला पोहता येत नाही तो घाबरलेला असतो, म्हणून इन्स्ट्रक्टरचा शब्द न् शब्द ऐकतो. ज्याने साठ हात विहिरीत थारोळ्यावरून उड्या मारल्यात, तो "हे काय, आपल्याला येतं" म्हणून मान हलवतो. त्याच्या अंगात तीन गोष्टी मुरलेल्या असतात: दम धरायचा, कान दुखले तरी खाली जायचं, आणि दम संपला की सुसाट वर यायचं. स्कुबात, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्यात, या तिन्ही जिवावर बेततात.

कारण समजून घ्या. विहिरीत तुम्ही वरची हवा छातीत भरून बुडी मारता. ती खाली दबते, वर येताना पुन्हा होती तेवढी होते. हिशोब फिटला. स्कुबात हवा खालीच घेतली जाते आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला नळीने जोडलेलं तोंडात धरायचं यंत्र, ती तिथल्या दाबाने देतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट. तिथे छाती भरून घेतलेली हवा तशीच कोंडून वर आणली, तर वर तिला दुप्पट जागा लागते. ती छातीत नसते. फुप्फुसाला इजा व्हायला १० मीटरही लागत नाहीत. भरल्या छातीने दीड मीटर वर येणंसुद्धा पुरू शकतं.

हे डोक्यात ठेवून पुढचे टप्पे वाचा. पहिले चार टप्पे घरीच पार पाडायचे आहेत, आणि नेमके तेच लोक गाळतात.

## टप्पा १ : ट्रायल की कोर्स, आणि कुठे

ट्रायल डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुमच्या सिलिंडरला धरून असतो, तुम्हाला वर-खाली ठेवणाऱ्या फुगवायच्या जॅकेटची हवा तोच कमी-जास्त करतो. खोलीची कमाल मर्यादा १२ मीटर, वय किमान १०. मालवणला बहुतेक ट्रायल याहून उथळच होतात. पोहता आलं नाही तरी चालतं. यातून लायसन्स वगैरे काही मिळत नाही. हातात फोटो आणि व्हिडिओ येतो, बस.

ओपन वॉटर कोर्स वेगळा. तीन-चार दिवस, आधी थिअरी, मग संथ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. पॅडी किंवा एसएसआय अशा संस्थेचं कार्ड मिळतं आणि १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं. यासाठी न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे. विहिरीतली गोल चक्कर २०० मीटरला मोजू नका. तरणतलावात मोजून पोहा.

जागेचं थोडक्यात. मालवण-तारकर्लीला पाण्याखाली बहुधा काही मीटरच दिसतं, आणि लाट उठली की तेही नाही. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, कोर्स तिथे होतो. अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, पाणी कितीतरी स्वच्छ असतं. कोर्स करायचा आणि खिसा परवानगी देत असेल तर तिकडे. फक्त एकदा खाली जाऊन बघायचं असेल तर मालवण पुरे.

मालवणचा हंगाम ऑक्टोबर ते मे. मेच्या अखेरीला पावसाळ्यासाठी हे सगळं बंद होतं. शाळेला सुट्टी लागली म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणारे आपल्याकडे खूप; नेमकं तेव्हाच समुद्र उसळायला लागलेला असतो.

आणखी एक. तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, ओढ जास्त, पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी असते, पाणी त्या मानाने शांत. सुट्टी हातात असेल तर अष्टमीच्या दोन्ही बाजूंचे दिवस धरा.

## टप्पा २ : डॉक्टर आणि कान, तेही गावातच

डाइव्हच्या आधी एक मेडिकल फॉर्म भरून घेतात. दमा, फिट, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार, मधुमेह, चालू गोळ्या असे प्रश्न त्यात असतात. एकाही ठिकाणी "हो" आलं तर डॉक्टरची सही लागते. आपली मंडळी हा फॉर्म किनाऱ्यावर, चपला हातात घेऊन भरतात, आणि इतक्या लांब आलो आता कशाला म्हणून सगळीकडे "नाही" लिहितात. तो फॉर्म आधी मागवून घ्या. आपल्या डॉक्टरसमोर बसून भरा. कान-नाक-घसावाल्यांना एकदा पडदा दाखवा. गरोदर बाईने डाइव्ह करायची नाही, यात मधला मार्ग नाही.

मग कान मोकळे करायचा सराव. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि नाकातून *हळूच* हवा ढकलायची. दोन्ही कानांत टक्‌ असं झालं पाहिजे. जमत नसेल तर नाक धरूनच आवंढा गिळा. रोज दोन-चार वेळा, दहा दिवस. एक कान उघडतो आणि दुसरा हट्टी, असं बऱ्याच जणांचं असतं. ते घरी कळलेलं बरं.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. तोरणमाळचा घाट उतरताना कानाला दडा बसतो ना? तो अख्खा घाट उतरल्यावर कानावर जेवढा फरक पडतो, साधारण तेवढा पाण्यात पहिल्या एका मीटरलाच पडतो.

तपासा: निघायच्या दिवशी सर्दी आहे? नाक चोंदलंय? मग डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर खाली असतानाच उतरला तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही.

## टप्पा ३ : बादलीतला सराव

हा टप्पा वाचून लोक हसतात. हसा, पण करा.

पहिल्या डाइव्हला घाबरणाऱ्यांपैकी बहुतेकांना खोलीची भीती नसते. नाकात पाणी असताना फक्त तोंडाने श्वास घ्यायची सवय नसते, एवढंच. नाक-डोळे झाकणाऱ्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरतं, ते नाकाला लागतं, माणूस सवयीने नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो, आणि हात थेट वर.

साधा स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची वाकडी नळी, विकत घ्या, मास्क नको. आंघोळीच्या मोठ्या बादलीत कोमट पाणी, बाजूला घरातलं कुणीतरी उभं. स्नॉर्कल तोंडात धरून नाक-डोळे पाण्यात बुडतील इतकं डोकं घाला. आता तोंडाने आत, तोंडाने बाहेर. सावकाश. पहिल्यांदा पाच सेकंदांत डोकं बाहेर येईल. तिसऱ्या दिवशी मिनिटभर राहाल. तिथून पुढे आत घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा आकडे मोजा. हीच लय समुद्रात ठेवायची आहे. बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा लांब.

आमच्या एका मामांनी आठवडाभर हा प्रकार केला, मामी दाराशी उभी राहून घड्याळ बघायची. वय ५७. समुद्रात आमच्या सगळ्यांत शांत तेच होते.

सावधान: तयारी म्हणून विहिरीत किंवा गिरणेच्या डोहात दम धरायचा सराव करू नका, एकट्याने तर नाहीच. बुडीआधी भराभर श्वास घेऊन जास्त वेळ थांबणारा माणूस पाण्यात न कळता बेशुद्ध होतो. शिवाय ही सवय वाढवायची नाहीये, मोडायची आहे.

## टप्पा ४ : तिकिटं शेवटाकडून काढा

लोक जायचं तिकीट आधी काढतात. तुम्ही परतीचं आधी काढा.

खाली असताना दाबामुळे रक्तात आणि शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच उंचावर गेलात, जिथे हवेचा दाब कमी, तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसं. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास. मी सरळ २४ धरतो, कारण तास मोजायला बसलं की माणूस स्वतःच्या बाजूने मोजतो.

अंदमानचा आराखडा असा ठेवा: पहिला दिवस श्रीविजयपुरम, म्हणजे पोर्ट ब्लेअरला उतरून आराम. दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप. नंतर डाइव्हचे दिवस. मग एक पूर्ण कोरडा दिवस, राधानगर किनाऱ्यावर लोळायला. त्यानंतर विमान. जागा कमी पडली तर डाइव्हचा दिवस काटा, कोरडा नाही.

मालवणवाल्यांना वाटतं, आपण गाडीने आलो, आपला काय संबंध. आहे. विमानाचे हे तास साधारण ६०० मीटरच्या पुढच्या उंचीला लागू धरतात. आंबोली आहे सुमारे ७०० मीटरवर. सकाळी दोन डाइव्ह, दुपारी माशाचं जेवण, आणि चार वाजता घाटात, हा आपल्या ड्रायव्हर लोकांचा आवडता कार्यक्रम. उथळ ट्रायलला धोका कमी असतो हे खरं, पण कोर्स केला असेल तर ती रात्र खालीच काढा. रेल्वेने येणाऱ्यांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो: मंगला एक्सप्रेससारखी गाडी कोकण रेल्वेने कल्याणला येऊन कसारा चढते, इगतपुरी सुमारे ६०० मीटर, पण तोवर बरेच तास गेलेले असतात.

जाताना दुसरी काळजी. एसी डब्यातून रात्रभर प्रवास आणि सकाळी थेट बोटीवर, असं करू नका. मध्ये एक रात्र झोप हवी.

## टप्पा ५ : बोट ठरवताना

आठ-दहा जणांनी मिळून अख्खी होडी ठरवणं सोयीचं असतं. पैसे ठरवण्याआधी किनाऱ्यावर जाऊन बोट डोळ्यांनी बघा. फोनवर सगळ्यांच्या बोटी नव्या असतात.

बघायचं काय? माणसागणिक लाइफ जॅकेट आहे का, आणि त्याचे पट्टे शाबूत आहेत का. पाण्यातून चढायला धड शिडी आहे का. आपल्यातल्या ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाला दोरीने ओढून घ्यायची वेळ येते, मी ओढलंय. ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क बोटीवर आहे का. "आहे, ऑफिसमध्ये आहे" हे उत्तर म्हणजे नाही. खाली माणसं असताना बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, थांबतो का, की तोच उडी मारतो. बोटीची नोंदणी आणि किती माणसं न्यायची परवानगी आहे ते विचारा. अकरावा माणूस "ॲडजस्ट करू" म्हणून घुसवू नका, बहुतेक वेळा तो आग्रह आपल्याच बाजूने होतो.

इन्स्ट्रक्टरला त्याचं कार्ड मागायला लाजू नका. त्याच्या नंबरवरून संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करता येते. एका इन्स्ट्रक्टरमागे ट्रायलचे किती जण, हेही विचारा. एकास एक उत्तम. "चार-पाच जणांना एकदम नेतो" म्हणाला तर दुसरीकडे जा.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. डाइव्ह संपली होती, लोक घरी निघाल्यासारखे होते. लाइफ जॅकेट जाताना घालता तसं येतानाही घालायचं, अंग ओलं असलं तरी.

तांडेल नको म्हणाला तर नको. एकदा एका म्हाताऱ्या तांडेलाने आम्हाला सकाळी सातलाच परत पाठवलं: "आज पाणी गढूळ असा, उद्या येवा." आमच्यातले दोघे चिडले. दहा वाजेपर्यंत वारा असा सुटला की किनाऱ्यावरच्या खुर्च्या उडाल्या.

तपासा: तटरक्षक दलाचा १५५४ आणि आपत्कालीन ११२ हे नंबर दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा. अंदमानला जात असाल तर लक्षात ठेवा, डायव्हरवर दाबाच्या चेंबरमध्ये उपचार करायची सोय श्रीविजयपुरमला नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात आहे. विमा काढला असेल तर त्यात स्कुबा धरलंय की वगळलंय ते वाचा.

## टप्पा ६ : आदली रात्र आणि सकाळ

दारू नाही. "समुद्रावर आलोय" हे कारण सगळ्यांकडे असतं. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं आणि सकाळी बोट लागते.

सोबत आणलेली शेव, ठेचा, तळलेले पापड परतीसाठी ठेवा. सकाळी हलकं: पोहे, इडली, किंवा घरून आणलेली रावेरची केळी. उपाशीही जाऊ नका, रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. पाणी भरपूर प्या. तंबाखू-गुटखा तोंडात ठेवून कुणी रेग्युलेटर चावू नये, हे लिहावं लागतंय कारण पाहिलंय.

बोट लागण्याची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना "मी डाइव्ह करणार आहे" असं सांगून विचारा आणि आधी एकदा घरी घेऊन बघा. काहींनी इतकी झोप येते की पाण्यात उतरण्यात अर्थ नाही.

बोटीत मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, पण इंजिनाच्या धुरापासून लांब. मोबाइल आत, नजर क्षितिजावर. उलटी आलीच तर वारा ज्या दिशेला वाहतोय त्या बाजूला तोंड करा. शेजारी दुवा देतील.

## टप्पा ७ : साहित्य, बोट उभी राहिल्यावर

नांगर पडला की घाई सुरू होते. इथे पाच मिनिटं आपली आहेत, ती सोडू नका.

मास्क: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकेच श्वास ओढा आणि हात काढा. मास्क चिकटून राहिला तर बरोबर. मिशी असेल तर नाकाखालची एक रेघ आदल्या दिवशी कापून घ्या, नाहीतर तिथून पाणी झिरपत राहतं. आपल्याकडे या सूचनेला फार विरोध होतो. केसाची एक बट आत राहिली तरी तेच. काचेला आतून थुंकी चोळून धुवा, धुकं धरत नाही. पोहायचा गॉगल चालत नाही. नाक झाकलेलं नसलं की आतला दाब सारखा करता येत नाही.

सिलिंडर: आतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास आकडा हवा. आता गेजकडे *बघत* रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या. काटा खाली-वर नाचला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. लगेच सांगा. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तरी सांगा, आणि ते सिलिंडर घेऊ नका.

जॅकेट: फुगवायचं बटण कुठलं, हवा सोडायचं कुठलं, हे डोळे मिटून सापडलं पाहिजे. वजनाचा पट्टा एका हाताने सुटतो का बघा. दुसरा रेग्युलेटर, ज्याला ऑक्टोपस म्हणतात, कुठे अडकवलाय तेही.

खुणा: सगळ्यांत मोठा घोटाळा अंगठ्याचा. अंगठा वर म्हणजे "मस्त" नाही, "वर चला". फोटोसाठी अंगठा दाखवणाऱ्याला इन्स्ट्रक्टर वर घेऊन येतो आणि पैसे वाया गेल्याची भांडणं होतात. ठीक आहे याला अंगठा आणि तर्जनीचं गोल. गडबड असेल तर पंजा आडवा धरून डुलवायचा, मग जिथे त्रास आहे तिकडे बोट. हवा संपली तर पंजा गळ्यावर आडवा फिरवायचा. "मना कान दुखी राहिना" हे खाली ना मराठीत सांगता येतं ना अहिराणीत.

## टप्पा ८ : उतरणं आणि पहिले पाच मीटर

छोट्या बोटीवरून बहुधा काठावर पाठ करून बसायचं आणि मागे लोळायचं असतं. एका हाताचा तळवा रेग्युलेटरवर, त्याच हाताची बोटं मास्कवर; दुसरा हात डोक्यामागे पट्ट्यावर. जॅकेट अर्धं फुगलेलं. मागे पाण्यात कुणी नाही हे बोटीवरच्या माणसाने बघून सांगितल्यावरच. वर आलात की ठीकची खूण बोटीकडे करा.

आता घाई नाही. तोंड पाण्यात घालून वरच दहा श्वास घ्या. बादलीतली लय आठवा. ती लागली की मग खाली.

माझी चूक इथली आहे. पहिल्या डाइव्हला तीन-चार मीटरवर डावा कान ठणकायला लागला. विहिरीत असा कान दुखलेला मला लहानपणापासून माहीत. बुडी वीस सेकंदांची, दुखणं तेवढंच. म्हणून खूण केली नाही, दात दाबून खाली गेलो. वर आलो तेव्हा मास्कमध्ये लालसर पाणी होतं आणि डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं. ते तीन आठवडे टिकलं. गाईडचा काही दोष नव्हता. त्याने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी ठीकची खूण केली होती.

तर नियम असा: कान दुखायच्या *आधी* मोकळे करा. डोकं पाण्याखाली गेलं की लगेच एकदा, मग दर अर्ध्या-एक मीटरला. टक्‌ झालं नाही तर तिथेच थांबा, अर्धा मीटर वर या, पुन्हा हळूच करा. जोर लावायचा नाही. तरी उघडत नसेल तर आज डाइव्ह नाही. शक्य असेल तेव्हा पाय खाली ठेवून, दोर धरून उतरा. डोकं खाली करून बुडी मारली की कान अवघड जातात. मास्क चेहऱ्यावर आवळल्यासारखा वाटला तर नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडा.

पहिले पाच मीटर पार झाले की पुढे त्रास कमी होतो, कारण दाबाचा फरक प्रमाणात सर्वांत मोठा तिथेच असतो.

## टप्पा ९ : खाली असताना

श्वास चालू ठेवा. या टप्प्याचं बाकी सगळं त्याच्या मागून.

रेग्युलेटर तोंडातून निसटला तर घाबरू नका, पण दमही धरू नका: ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहा, उजवा हात मांडीजवळून मागे नेत मोठ्या गोलात पुढे आणा, नळी हातावर येते. तोंडात घाला, जोरात फुंका किंवा पुढचं बटण दाबा, मग सावध श्वास. मास्कमध्ये पाणी आलं तर वर बघा, मास्कची वरची कड कपाळाशी दाबा आणि नाकाने सोडा. खोकला आला तरी रेग्युलेटर तोंडातच. त्यातून खोकता येतं, उलटीसुद्धा करता येते.

हात मारू नका. विहिरीतला पोहणारा हात मारतो, त्याने हवा जळते आणि वाळू उडते. हात पोटाशी, पाय कमरेपासून संथ.

हवेचा हिशोब करून बघा. ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला म्हणजे २,२०० लिटर हवा. शांत माणूस वर मिनिटाला समजा २० लिटर घेतो. १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ४०. पन्नास बार राखून ठेवायचे, म्हणजे साधारण ४० मिनिटं. धापा टाकणाऱ्याची वीसच. कोर्स करणाऱ्याने दर काही मिनिटांनी गेज बघावं आणि १०० बारला जोडीदाराला सांगावं.

कशालाही हात लावू नका. प्रवाळ मरतं, हात कापतो, आणि दगडासारखा दिसणारा मासा दगड नसतो. माशांना ब्रेड चारायचा फोटो कुणी सुचवला तर नको म्हणा.

## टप्पा १० : वर येणं आणि बोटीत चढणं

मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. म्हणजे १० मीटरवरून यायला मिनिटापेक्षा जरा जास्तच लागलं पाहिजे. आपल्या सर्वांत बारीक बुडबुड्यांना पुढे जाऊ द्या, त्यांच्यामागून या. कोर्सवाले पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात. वर बघत, एक हात डोक्यावर, इंजिनाचा आवाज ऐकत.

पाण्याबाहेर डोकं आलं की पहिलं काम जॅकेट फुगवणं. मास्क कपाळावर सरकवणं आणि रेग्युलेटर थुंकून बोलायला लागणं नंतर. पुढची लाट तोंडावरच येते.

शिडीपाशी क्रम: इंजिन बंद झालंय ना ते बघा. शिडी हाताने पकडा. आधी वजनाचा पट्टा वर द्या, मग सिलिंडरसह जॅकेट, आणि फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, सगळ्यांत शेवटी. शिडी धरण्याआधी फिन्स काढले तर ओढीत मागे वाहून जाल. वर चढणाऱ्याच्या खाली थांबू नका. माणूस घसरतो, सिलिंडर सुटतं.

## टप्पा ११ : पुढचे २४ तास

पाणी प्या. त्या दिवशी जिम, धावणं, किल्ल्याच्या पायऱ्यांची शर्यत नको.

सांध्यात खोल दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, कधी नाही असा थकवा, लघवीला अडचण, चालताना तोल जाणं: यातलं काही दिसलं तर डाइव्हचाच परिणाम समजून चाला. आडवं करा, ऑक्सिजन द्या, डाइव्ह सेंटरला आणि डॉक्टरला कळवा. किती खोल, किती वेळ, किती डाइव्ह, वर कधी आलो, हे कागदावर लिहून द्या. आपल्या गावच्या दवाखान्यात हे प्रश्न कुणी विचारणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल. बरं वाटावं म्हणून पुन्हा पाण्यात उतरायचं नाही.

अडचण अशी की ही लक्षणं कधी कधी परतीच्या गाडीत सुरू होतात. खांदा दुखतो, माणूस म्हणतो, बॅगा उचलल्या, प्रवासाचा शीण आहे, आणि वरच्या बर्थवर झोपून जातो. म्हणून मी ग्रुपमध्ये एकाला हे काम देऊन ठेवतो: पनवेलला सगळ्यांना उठवून विचारायचं, आणि कुणाला काही वाटत असेल तर कसारा चढण्याआधी कल्याणला उतरून घ्यायचं.